माहेरचं रक्त

ज्वारीचा संकर नोंदवताना आधी आईचे नाव लिहितात, मग फुली, मग बापाचे नाव. ही रीत मी घातलेली नाही, जगभर तशीच आहे. फुलोऱ्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, कणसावर कागदी पिशवी बांधायची, पिशवीवर आई कोण आणि बाप कोण ते लिहायचे आणि मगच पुढच्या ताटाकडे वळायचे. कृषी विद्यापीठाच्या शेतावर मी नोकरीभर हेच केले. आईचे नाव नसलेली पिशवी सापडली तर ते कणीस आम्ही जनावरांपुढे टाकत असू. जो न्याय आम्ही ज्वारीला दिला, तेवढासुद्धा चार संस्थांच्या शास्त्रज्ञांनी माझ्या भाचीला दिला नाही.

आम्ही मेनकुदळे बहिणी पाच, भाऊ नाही. बार्शीजवळच्या गावात वडिलांचे किराणा दुकान होते. एकेकीचे लग्न झाले की वडील सायकलवर टांग मारून तहसीलात जात आणि शिधापत्रिकेवरून तिचे नाव कमी केल्याचा दाखला आणत. तो दाखला दाखवल्याशिवाय सासरच्या पत्रिकेवर नाव चढत नसे. थोरलीचा दाखला त्यांनी आईच्या हातात दिला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता साखर कमी मिळायची." रेशनची साखर माणशी मिळत असे. आईची रडण्याची पद्धत ती तशी होती.

निर्मलाचे तर पाळण्यातले नावही राहिले नाही. सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'अपर्णा' लिहिले आणि त्या दिवसापासून निर्मला मेनकुदळे नावाची मुलगी जगात कुठल्याही कागदावर उरली नाही. मी लग्न केले नाही, म्हणून माझे नाव कोणी कमी केले नाही. पाचांत एकटी मीच जन्माला आले त्या नावाने म्हातारी झाले.

आई पोटात पाणी होऊन गेली. त्या काळी त्याला जलोदर म्हणत आणि पुढे कोणी विचारत नसे. थोरली वत्सला तशीच गेली, तिच्या गावाला लोक करणी म्हणाले. निर्मलाच्या वेळी निदान नाव तरी कळले, अंडाशयाचा कर्करोग. माझ्या स्तनातली गाठ वेळेवर हाताला लागली आणि मी वाचले. चार बायका, चार गावे, तीन आडनावे. एका ठिकाणी बसून चौघींना एका ओळीत ठेवून पाहिले असते तर शेंबड्या पोरालाही कळले असते की हे करणीचे काम नाही.

म्हणूनच 'पूर्वसूचना' प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आला, तेव्हा सगळ्यात आधी रक्त द्यायला मी गेले.

प्रकल्प खरोखर मोठा होता. एक संस्था गावोगाव रक्त गोळा करी, दुसरी त्यातली जनुके वाचून काढी, तिसरीचा संगणक घराण्याचा धोका ठरवी आणि चौथी तो लोकांना समजावून सांगे. चौघींचा मिळून करार होता. चाचणीची किमया दोन भागांत होती. पहिला भाग आनुवंशिक. आपल्या पेशी रोज फाटतात आणि रोज शिवल्या जातात. शिवणाऱ्या जनुकांत एखादे अक्षर जन्मतः चुकीचे असले तर रफू कच्चे होते आणि पुढे त्या फाटक्या जागेतून कर्करोग वाढतो. दुसरा भाग लवकर निदानाचा. गाठ खसखशीएवढी असतानाच ती आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडत असते. हे तुकडे हुडकणारी चकती या लोकांनी बनवली होती. सोनोग्राफीला दिसायच्या कितीतरी आधी ती गाठ सांगे. पण चकत्या थोड्या आणि माणसे फार, म्हणून धोक्याप्रमाणे रंग ठरवले. लाल रंगाला दर सहा महिन्यांनी चकती, पिवळ्याला वर्षाने, हिरव्याला दहा वर्षांनी.

आता गोम अशी की चुकीचे दिसणारे प्रत्येक अक्षर घातकच असते असे नाही. कपाळावरच्या तिळासारखी कित्येक अक्षरे निरुपद्रवी असतात. आपल्याकडच्या लोकांत अशी हजारो अक्षरे सापडली की ज्यांचा अर्थ कुठल्याच पुस्तकात नव्हता. मग अर्थ लावायचा कसा, तर घराण्यावरून. ते अक्षर ज्यांच्यात आहे त्याच बायका आजारी पडल्या का? पडल्या असतील तर अक्षर वाईट. अक्षर असूनही घराणे ठणठणीत असेल तर निरुपद्रवी. बियाण्याचे गुण आम्हीही असेच तपासत होतो. या कामाच्या संगणकप्रणालीला त्यांनी 'वंशदीप' नाव दिले. ते नाव ठरवताना टेबलाभोवती एकही बाई नसावी असा मला दाट संशय आहे.

निर्मलाची मुलगी ऋजुता जलसंपदा खात्यात अभियंता आहे. ती शेट्यांच्या घरात दिली, बार्शीलाच. नवरा तेजस शाळेत गणित शिकवतो, एक मुलगी आहे. सासूबाई प्रमिलाताई कडक, पण मनाने वाईट नाहीत. त्यांच्या दारावर 'हरित कुटुंब' अशी पितळी पाटी होती. प्रकल्पाने हिरव्या घरांना तशा पाट्या दिल्या होत्या आणि सोयरीक जुळवताना लोक पत्रिकेच्या आधी ती पाटी बघू लागले होते.

ऋजुताच्या मुलीच्या वाढदिवसाला मी जेवायला गेले होते. पंगत उठल्यावर प्रमिलाताईंनी माझ्या अहवालाची चौकशी केली. मी सांगितले की माझा अहवाल पिवळा आहे, कारण माझ्यात असे अक्षर आहे ज्याचा अर्थ त्यांना लागत नाही. मी एकटी, घराणे नाही, मग अर्थ कशावरून लावणार? प्रमिलाताई हसून म्हणाल्या की आमच्याकडे बाई सगळं हिरवंगार. ऋजुताने सहज माझा फोन हातात घेतला. अभियंत्यांना आकडे वाचायची खोड असते. तिने स्वतःचा अहवाल उघडला आणि दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "हे एकच अक्षर आहे. तेच जनुक, तीच जागा. तुझ्याकडे लिहिलंय, अर्थ अनिर्णित. माझ्याकडे लिहिलंय, निरुपद्रवी."

"मग तुझं बरोबर असेल," प्रमिलाताई म्हणाल्या. "नवीन अहवाल आहे तुझा."

"आई, निरुपद्रवी का ते खाली लिहिलंय. 'कुटुंबातील सहा स्त्रियांमध्ये आजार आढळला नाही.' कुठल्या सहा बायका? माझी आई गेली, आजी गेली, वत्सलामावशी गेली."

तिने त्या सहा नावांवर बोट ठेवले. प्रमिलाताई, त्यांच्या दोन जावा, तेजसची लग्न न झालेली आत्या, चुलतबहीण आणि आजेसासू.

माझ्या हातातली बडीशेप तशीच राहिली. माझ्या भाचीचे रक्त त्यांनी शेट्यांच्या घराण्याशी ताडून पाहिले होते. जिच्याशी तिचे रक्ताचे काडीचे नाते नाही, त्या आजेसासूच्या ठणठणीत तब्येतीवरून तिला निर्धास्त राहा म्हणून सांगितले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी सोलापूरच्या केंद्रावर गेलो. समन्वयक डॉ. निरंजन वाळिंबे सभ्य माणूस, त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. त्यांच्याबरोबर सबा मुजावर नावाची तरुण संशोधक होती, वंशदीपच्या गणिताचे काम बघणारी. चूक कशी झाली हे त्यांनी न लपवता सांगितले. घराणी जुळवायला त्यांनी सरकारचे कुटुंब कार्ड घेतले होते. जुन्या शिधापत्रिकांवरूनच ते कार्ड तयार झालेले. लग्न झाले की मुलीचे नाव बापाच्या कार्डावरून कमी होते आणि सासरच्या कार्डावर चढते. संगणकाने कार्डावरच्या माणसांना एका रक्ताची माणसे धरले. माझ्या कार्डावर मी एकटी, म्हणून मी निर्वंश.

मी विचारले, "रक्त तर तुम्ही वाचलंय. कोण कोणाच्या रक्ताचं आहे हे रक्तातच कळतं. ते का नाही ताडून पाहिलं?"

उत्तर सबाने दिले.

"पाहत होतो, मॅडम. सुरुवातीला नात्याची पडताळणी चालू होती. मग काही घरांत मुलगा बापाचा नाही असं निघालं. दोन ठिकाणी मारामाऱ्या झाल्या. एका आमदाराच्या घरातही... तर संयुक्त समितीने ठराव केला, पडताळणी बंद. घरं मोडू नयेत म्हणून."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा आवाज चढवला आहे. त्या दिवशी चढवला. मी म्हटले, म्हणजे काही पुरुषांची अब्रू झाकायला तुम्ही जिल्ह्यातल्या सगळ्या लेकीसुनांची रक्तं भलत्याच घराण्यांत मिसळलीत. एकदा मिसळलेलं बियाणं आम्ही शेतकऱ्याला विकलं असतं तर आमची नोकरी गेली असती.

वाळिंबे म्हणाले की हा प्रश्न त्यांच्या लक्षात आहे आणि तो विचाराधीन आहे. ऋजुताने शांतपणे सांगितले की तिला प्रश्नाशी कर्तव्य नाही, तिला चकती हवी आहे, आज. तर ते जमत नव्हते. रंग बदलल्याशिवाय चकती नाही आणि हाताने रंग बदलला तर अभ्यास दूषित होतो. त्याला चारही संस्थांच्या सह्या लागतात आणि समिती तीन महिन्यांनी बसते. मग मी इतर तिन्ही ठिकाणी फोन केले. रक्तवाले म्हणाले की आम्ही फक्त रक्त घेतो. वाचणारे म्हणाले की अक्षर आम्ही बरोबर वाचले आहे. समजावणारे म्हणाले की जे कळवले जाते तेच आम्ही समजावतो. सहकार्य या शब्दाचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला. चौघांनी मिळून उचललेले ओझे कोणाच्याच खांद्यावर नसते.

बाहेरच्या डॉक्टरांकडे ऋजुताची सोनोग्राफी केली, ती स्वच्छ निघाली. निर्मलाचीही सुरुवातीला स्वच्छच निघाली होती. चकती करारामुळे प्रकल्पाबाहेर मिळत नव्हती.

वाट सबाने दाखवली. तिने संध्याकाळी आपल्या घरच्या फोनवरून मला फोन केला. ऋजुताचे नाव शेट्यांच्या कार्डावरून कमी करून मेनकुदळ्यांच्या, म्हणजे माझ्या कार्डावर चढवा, ती म्हणाली. माझ्या कार्डाला जुन्या शिधापत्रिकेचा इतिहास जोडलेला होता. त्यात आई होती आणि कमी केलेल्या मुलींची नावेही होती. निधनाच्या नोंदी लावल्या की वंशदीपला खरे घराणे दिसेल आणि रंग आपोआप बदलेल. हाताने काही करायला नको. फक्त विवाहित बाईचे नाव माहेरी न्यायचे तर नियमाने घटस्फोटाचा हुकूम लागतो. नाहीतर नवऱ्यानेही सोबत यावे लागते.

तेजस तयार झाला. म्हणाला, "मावशी, मी घरजावई. रोज पुरणपोळी लागेल." पण प्रमिलाताईंनी ताट पुढे सरकवले आणि उठल्या. मुलगा कार्डावरून गेला तर गावात तोंड कसे दाखवायचे, हे त्यांचे म्हणणे. पाटीही जाईल. घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलले नाही. ऋजुताने मला फोनवर सांगितले की आईंचा जीव आहे माझ्यावर, त्यांना दुखवून मला जायचे नाही, समितीची वाट बघते. निर्मलाही अशीच होती. पोट दुखत असताना नणंदेच्या डोहाळजेवणाचे लाडू वळत बसली होती. मला राहवेना. मी एसटीने बार्शीला गेले.

प्रमिलाताई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. मी त्यांच्याशेजारी पाटावर बसले. भांडायचे नाही असे ठरवून गेले होते.

"विहीणबाई," मी म्हटले, "तुमचं माहेर कुठलं?"

"औसा. का?"

"तुमच्या आई कशाने गेल्या?"

पोटाने, त्या म्हणाल्या. मोठ्या बहिणीलाही तेच झाले, गर्भपिशवी काढली होती, पण उशीर झाला. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. बाई हुशार आहेत, मला पुढे फार सांगावे लागले नाही.

"म्हणजे माझंही हिरवं..."

"तुमच्या सासूबाईंच्या तब्येतीवरून ठरवलंय. आणि सासूबाईंचं कोणावरून ठरवलं असेल ते देवाला ठाऊक."

त्यांनी ओल्या कुरडयांवरच्या माश्या हाकल्या. "या घरात येऊन चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "माझ्या आईबद्दल आज पहिल्यांदा कोणी विचारलं. आणि तुम्ही नावही विचारलं नाहीत, नुसतं कशाने गेली ते विचारलंत. भागीरथी नाव होतं तिचं." मग पदराला हात पुसून त्यांनी तेजसला हाक मारली आणि उद्याच तहसीलात जा म्हणून सांगितले. पाटी त्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हरने काढली. चांगले पितळ होते, मोडीत घालते म्हणाल्या.

तेजस आणि ऋजुता माझ्या कार्डावर चढले, निधनाच्या नोंदी लागल्या आणि त्याच आठवड्यात वंशदीपने हिशेब पुन्हा केला. अक्षर तेच. पण आता त्याच्याभोवती माझी आई, वत्सला, निर्मला आणि मी उभ्या होतो. ऋजुताचा हिरवा रंग थेट लाल झाला. चकतीचा निकाल आला तो वाईट होता. रक्तात तुकडे होते.

शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये आणि नळ्या काढल्या. उजव्या नळीच्या टोकाला जोंधळ्याच्या अर्ध्या दाण्याएवढी गाठ होती. कुठेही पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर. ऋजुता वाचली. पण तिला दुसरे मूल हवे होते. दोन वर्षे थांबू या, असे तिने आणि तेजसने ठरवले होते, कारण अहवाल हिरवा होता आणि घाई नव्हती. खरा अहवाल तेव्हाच मिळाला असता तर मूल आधी झाले असते, मग शस्त्रक्रिया. "अगदी वेळेवर" हे शब्द डॉक्टरांनी उच्चारले, तेव्हा तिने खिडकीकडे तोंड फिरवले. प्रमिलाताई तिच्या केसांत तेल घालत होत्या.

समितीची बैठक झाली. आमचे प्रकरण 'सुटलेले एक प्रकरण' म्हणून नोंदले गेले. बाकीच्या सुनांचे काय, असे मी वाळिंब्यांना विचारले. विषय विचाराधीन आहे, ते म्हणाले.

आणि मग तेजसला पत्र आले.

वंशदीपने माझ्या कार्डावरच्या सगळ्या प्रौढांना एका रक्ताचे धरले होते, जावयासकट. कार्ड लाल, म्हणून तेजस लाल. पत्रात लिहिले होते की आपल्या घराण्याचा धोका पाहता आपण तातडीने स्त्रीरोग विभागात यावे आणि आपली अंडाशये काढण्याबाबत तज्ज्ञांशी चर्चा करावी. ऋजुता शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पोट धरून हसली आणि टाके दुखतात म्हणून ओरडली. तेजसने शाळेतून केंद्राला फोन लावला. साधाच माणूस तो, चेष्टेच्या सुरात बोलला. मी गणिताचा शिक्षक आहे, माझ्या शरीरात काय आहे आणि काय नाही हे मी मोजून सांगू शकतो, असे काहीतरी.

त्याने सकाळी फोन केला आणि दिवेलागणीला परिपत्रक निघाले. चारही संस्थांच्या सह्यांनिशी. पत्नीच्या कुटुंब कार्डावर नाव असलेल्या पुरुषांचे त्या कार्डावरील व्यक्तींशी रक्ताचे नाते धरू नये, त्यांचा धोका त्यांच्या जन्माच्या कुटुंबावरून ठरवावा आणि झालेल्या मनस्तापाबद्दल संबंधितांची क्षमा मागावी.

मी ते तीनदा वाचले. मला वाटले, माझ्या जुन्या डोळ्यांची चूक होते आहे. जन्माचे कुटुंब. हाच शब्द, हीच एक ओळ मी त्यांच्यापुढे हात जोडून मागितली होती. गणित तेच होते, ते करणारी माणसेही तीच होती. मी सबाला फोन केला आणि विचारले की ही दुरुस्ती करायला किती वेळ लागला. ती म्हणाली, "मॅडम, एक ओळ बदलायची होती. 'पत्नीच्या' ऐवजी 'जोडीदाराच्या' आणि 'पुरुषांचे' ऐवजी 'व्यक्तींचे' लिहिलेला मसुदा मीच पाठवला होता. वरून ते शब्द बदलून आले. बायकांचा विषय धोरणात्मक आहे म्हणाले."

मी फोन ठेवला. ऋजुता पलंगावर उशीला टेकून सगळे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. धरणाची भिंत कुठे गळते ते सापडल्यावर ती जशी बघते तशी बघत होती. तिने फोन घेतला आणि लातूरला शीतलला लावला. शीतल म्हणजे वत्सलाची मुलगी. सासरी तिचाही अहवाल हिरवा.

"शितू, तुझं नाव मावशीच्या कार्डावर चढवायचं आहे, उद्याच निघ. आणि येताना दाजींना घेऊन ये. हो, कामावर रजा टाकायला सांग त्यांना. तू तक्रार केलीस तर ती विचाराधीन होईल. तक्रार त्यांच्या नावाने करायची."

पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या प्रमिलाताईंनी फोनसाठी हात पुढे केला. "झालं तुझं बोलून?" त्या म्हणाल्या. "मग मला औशाला लावून दे. तिथे माझ्या धाकट्या बहिणीला तीन जावई आहेत."